स्पॅनिशची पदवी : वर्गात काय मिळते आणि काय स्वतः कमवावे लागते

तुमच्या प्रश्नाचा आशय मला समजला तो असा : शालेय शिक्षण संपत आले आहे, विद्यापीठात स्पॅनिश भाषा आणि संस्कृती या विषयात पदवी घ्यावी असे मनापासून वाटते, भाषेची सुरुवात मात्र जवळपास शून्यापासून करावी लागणार आहे, आणि घरच्यांचे म्हणणे असे की भाषा मोबाइलवरच्या ॲपनेही शिकता येते, मग तिच्यासाठी पदवीची सगळी वर्षे कशाला द्यायची. त्याला जोडून तुम्ही आणखी दोन गोष्टी विचारल्या आहेत : स्पेनची स्पॅनिश शिकावी की लॅटिन अमेरिकेची, आणि प्रवेशापूर्वी हाती असलेल्या काही महिन्यांत काय करून ठेवावे. मी बरीच वर्षे विद्यापीठात स्पॅनिश शिकवते आणि जोडीला अनुवादाचे काम करते. या विषयात रमलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत, तसेच दुसऱ्या वर्षी निराश होऊन बसलेलेही पाहिले आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

घरच्यांचा आक्षेप मी उडवून लावणार नाही, कारण त्यात तथ्य आहे. रोजच्या संभाषणापुरती स्पॅनिश विद्यापीठाबाहेर शिकता येते. नीट रचलेले पाठ्यपुस्तक, एखादा चांगला शिक्षक, नियमित ऐकणे आणि बोलायला कोणी जोडीदार एवढे जमले, तर चिकाटीचा माणूस दोनेक वर्षांत बऱ्यापैकी बोलू लागतो. पदवीच्या अभ्यासक्रमात भाषेचे स्थान निराळे असते. तेथे ती साधन म्हणून हाती घ्यायची असते, आणि त्या साधनाने सुमारे पन्नास कोटी लोकांच्या मातृभाषेतले साहित्य, इतिहास, राजकारण, वृत्तपत्रे आणि वादविवाद मुळातून वाचायचे असतात. त्यामुळे ‘ॲप की विद्यापीठ’ या प्रश्नापेक्षा तुम्ही स्वतःला दोन प्रश्न विचारावेत असे मला वाटते. मला स्पॅनिशमधून वाचायचे आणि लिहायचे आहे का, हा पहिला. आणि त्यासाठी जेवढी भाषा लागते, तेवढी कोणतेही विद्यापीठ वर्गात पूर्णपणे देऊ शकत नसल्यामुळे, उरलेली वर्गाबाहेर रोज थोडी थोडी कमावण्याची माझी तयारी आहे का, हा दुसरा. दोन्हींची उत्तरे होकारार्थी असतील तर ही पदवी वाया जाण्याची भीती बाळगू नये. पहिल्याचे उत्तर नकारार्थी असेल तर घरच्यांचे ऐकावे.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे आधीच सांगते. स्पॅनिशचा प्रत्येक विभाग सारखा नसतो. काही विभाग पूर्ण नवशिक्यांना घेतात आणि पहिले वर्ष जवळजवळ सगळे भाषेसाठी ठेवतात. काहींना प्रवेशाच्या वेळीच बी१ पातळी (ए१ ते सी२ या सहा पायऱ्यांच्या युरोपीय मोजपट्टीवरची तिसरी पायरी) लागते. कुठे साहित्यावर भर असतो, कुठे भाषाविज्ञानावर, कुठे अनुवादावर, तर कुठे लॅटिन अमेरिकेच्या समाजकारणावर. अभ्यासक्रमाच्या नावावरून यातले काहीच कळत नाही. म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी विषयसूची मागवावी आणि शेवटच्या वर्षाचे विषय आधी वाचावेत. ते विषय कोणत्या भाषेत शिकवले जातात आणि परीक्षा कोणत्या भाषेत लिहावी लागते, हे विचारावे. शेवटच्या वर्षी साहित्याचा आणि इतिहासाचा अभ्यास अनुवादित पुस्तकांवर चालत असेल, तर त्या विभागात भाषेची अपेक्षा बेताची आहे असे समजावे. शेवटचा प्रबंध स्पॅनिशमध्ये लिहून घेणारा विभाग विद्यार्थ्याला कष्ट देतो आणि घडवतोही.

आता तासांचा हिशेब पाहा. आठवड्याला भाषेचे पाच तास आणि वर्षाला ३० अध्यापन-आठवडे धरले, तर वर्षाला १५० तास होतात. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची फॉरिन सर्व्हिस इन्स्टिट्यूट तेथील अधिकाऱ्यांना भाषा शिकवते. इंग्रजी मातृभाषा असलेल्या शिकाऊ अधिकाऱ्याला स्पॅनिशमध्ये कामकाज करता यावे यासाठी या संस्थेने धरलेला अंदाज ६०० ते ७५० वर्गतासांचा आहे, आणि ते अधिकारी दिवसभर दुसरे काही न करता भाषाच शिकतात, शिवाय घरी अभ्यास करतात तो वेगळाच. म्हणजे केवळ वर्गावर विसंबून राहिलेला विद्यार्थी तीन वर्षांनीही त्या आकड्याच्या बराच अलीकडे राहतो. दुसऱ्या वर्षापासून तर भाषेचे तास कमी होऊन साहित्य आणि इतिहास वाढत जातात, म्हणून ही तूट आपोआप भरून येत नाही. माझ्या वर्गात टिकलेले जवळजवळ सगळे विद्यार्थी रोज तासभर तरी वर्गाबाहेर स्पॅनिश ऐकत किंवा वाचत असत. सुट्टीच्या दिवशी एकदम पाच तास बसण्याचा उपयोग फार कमी होतो. ऐकलेला शब्द पुन्हा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कानावर पडला, तरच तो टिकतो.

स्पॅनिशची सुरुवात सोपी असते. पाचच स्वर, लिहिले तसे वाचले जाणारे शब्द, ओळखीचे अनेक लॅटिन शब्द, यामुळे पहिल्या काही महिन्यांत झपाट्याने प्रगती झाल्यासारखे वाटते. खरी चढण मध्ये लागते. ‘असणे’ या एकाच अर्थाची ‘सेर’ आणि ‘एस्तार’ ही दोन क्रियापदे, भूतकाळाची दोन रूपे, आणि इच्छा, शंका, भावना यांच्या मागोमाग येणारा सब्जंक्टिव्ह, या तीन जागी बहुतेकांचा पाय अडखळतो. येथे मराठीभाषकांसाठी एक गोष्ट मी आग्रहाने सांगते, कारण ती पाठ्यपुस्तकांत सापडत नाही. आपल्याला मिळणारी बहुतेक पुस्तके इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी लिहिलेली असतात, त्यामुळे इंग्रजीभाषकाला जे अवघड जाते तेच आपल्यालाही अवघड जाणार असे गृहीत धरून आपण शिकू लागतो. वास्तविक स्पॅनिशच्या अनेक रचनांजवळ मराठीतून थेट जाता येते.

नामाला लिंग असते आणि विशेषण त्याप्रमाणे बदलते, हे आपल्याला शिकवावे लागत नाही. आपल्याकडे तीन लिंगे आहेत, तेथे दोनच. क्रियापदाच्या रूपावरून कर्ता कळतो, म्हणून तो वगळता येतो, हेही आपल्या सवयीचे आहे. ‘मे गुस्ता’ ही रचना इंग्रजीतून शिकणाऱ्याला उलटी वाटते, पण ‘मला आवडते’ म्हणणाऱ्याला ती सरळच आहे. भूतकाळातील ‘इबा’ आणि ‘फुई’ यांतला फरक ‘मी जात असे’ आणि ‘मी गेलो’ यांतल्या फरकाच्या जवळ जातो. आणि सब्जंक्टिव्ह, ज्याची एवढी धास्ती घेतली जाते, त्याची जाणीव आपल्या विध्यर्थात आधीच आहे : ‘तू यावेस अशी माझी इच्छा आहे’ या वाक्यात आपण ‘येतोस’ म्हणत नाही, ‘यावेस’ म्हणतो, आणि ‘किएरो के बेंगास’ म्हणणारा स्पॅनिशभाषक नेमके तेच करत असतो. हे साम्य सगळीकडे पुरत नाही. ‘तू येशील तेव्हा’ यासाठी आपण साधा भविष्यकाळ वापरतो, तर स्पॅनिशमध्ये तेथेही सब्जंक्टिव्हच लागतो. पोर आणि पारा या शब्दयोगींचा वापर, उपपदे, आणि क्रियापदाच्या मागेपुढे फिरणारी छोटी सर्वनामे यांत मराठीची मदत होत नाही; तेथे भरपूर वाक्ये ऐकून कान तयार करणे हाच उपाय आहे. पण जेथे मदत होते तेथे ती न घेता इंग्रजीचा वळसा घालणे म्हणजे वेळ घालवणे आहे. नवे व्याकरण शिकताना वहीत स्पॅनिश वाक्याशेजारी मराठी वाक्य लिहावे, असे मी प्रत्येकाला सांगते.

स्पेनची की लॅटिन अमेरिकेची, या प्रश्नाचे माझे उत्तर असे : बोलण्यासाठी कोणतीही एक निवडा आणि तिच्याशी प्रामाणिक राहा, ऐकण्यासाठी मात्र सगळ्यांना दार उघडे ठेवा. स्पॅनिश ही वीस सार्वभौम देशांची अधिकृत भाषा आहे, शिवाय अमेरिकेच्या (संयुक्त संस्थानांच्या) ताब्यातील प्वेर्तो रिको बेटावर ती रोजच्या जगण्याची भाषा आहे. तिचे सर्वाधिक भाषक असलेला देश मेक्सिको आहे. स्पेनच्या बहुतेक भागांत मित्रांच्या गटाला ‘बोसोत्रोस’ म्हणतात, अमेरिका खंडात सर्वत्र ‘उस्तेदेस’. अर्जेंटिना, उरुग्वाय, पराग्वाय आणि मध्य अमेरिकेच्या मोठ्या भागात एकेरी संबोधन ‘तू’ नसून ‘बोस’ असते आणि त्यासोबत क्रियापदाचे रूपही बदलते. माद्रिदचा माणूस आज सकाळची न्याहारी सांगताना पूर्ण वर्तमानकाळ वापरील, मेक्सिकोचा माणूस साधा भूतकाळ. साध्या बसला मेक्सिकोत ‘कामिओन’, क्यूबात आणि कॅनरी बेटांवर ‘ग्वाग्वा’, अर्जेंटिनात ‘कोलेक्तिबो’ म्हणतात. ‘कोहेर’ हे स्पेनमध्ये ‘घेणे, पकडणे’ या अर्थाने दिवसभर तोंडी असलेले क्रियापद मेक्सिकोत आणि अर्जेंटिनात अश्लील ठरते, हे वेळेवर ठाऊक असलेले बरे.

एवढे वैविध्य ऐकून घाबरू नये. लिखित प्रमाण भाषा जवळजवळ एकच आहे, आणि सुशिक्षित स्पॅनिशभाषक एकमेकांना विनासायास समजतात. १७१३ साली स्थापन झालेली माद्रिदची रेआल अकादेमिया एस्पान्योला, म्हणजे स्पॅनिश भाषेची राजमान्य अकादमी, आता एकटी नियम ठरवत नाही. १९५१ पासून निरनिराळ्या देशांतील अकादमींची एक संघटना आहे आणि शब्दकोश व व्याकरण त्या सर्वांच्या नावाने निघतात. अमेरिका खंडातील शब्दांचा स्वतंत्र कोशही २०१० साली प्रसिद्ध झाला. एखादा शिक्षक लॅटिन अमेरिकेतील उच्चार ‘चूक’ म्हणून खोडत असेल, तर ते शास्त्रीय दृष्टीने समर्थनीय नाही. मात्र एकाच वाक्यात ‘बोसोत्रोस’ आणि अर्जेंटिनी ‘बोस’ यांची सरमिसळ करणे टाळावे, कारण ऐकणाऱ्याला ते खटकते. निवड कशी करावी, तर तुमचे पहिले दोन शिक्षक जी स्पॅनिश बोलतात ती स्वीकारावी. पुढे एखाद्या देशात राहण्याचा योग आला तर भाषा आपसूक तिकडे वळते.

आता संस्कृतीकडे येते. या पदवीचा खरा गाभा माझ्या मते येथेच आहे, आणि याच भागाबद्दल सर्वांत जास्त गैरसमज असतात. अनेकांना वाटते की संस्कृतीचा तास म्हणजे नृत्य, सण, खाद्यपदार्थ आणि बैलांच्या झुंजी. पहिल्या सहामाहीत त्यांतले थोडे येईलही. पण विद्यापीठीय अभ्यास सुरू होतो तो एकच घटना निरनिराळ्या ठिकाणांहून वाचता येऊ लागली की. माझे आवडते उदाहरण १८९८ या वर्षाचे आहे. त्या वर्षी अमेरिकेशी झालेल्या युद्धात स्पेन हरला आणि पॅरिसच्या तहाने क्यूबावरचा हक्क सोडून प्वेर्तो रिको, ग्वाम आणि फिलिपिन्स देऊन बसला. स्पेनच्या इतिहासात या प्रसंगाला ‘एल देसास्त्रे’, म्हणजे अरिष्ट, म्हणतात. उनामुनो, आसोरिन, बारोहा, अंतोनियो माचादो अशा लेखकांची एक पिढीच त्या वर्षाच्या नावाने ओळखली जाते, आणि आपल्या देशाचे नेमके काय बिघडले आहे हा त्यांच्या लेखनातला सततचा प्रश्न आहे.

आता हेच वर्ष हवानाहून पाहा. क्यूबाचे स्वातंत्र्ययुद्ध १८९५ मध्येच पेटले होते आणि त्याचा प्रेरक, कवी आणि निबंधकार होसे मार्ती, त्याच वर्षी रणांगणावर पडला होता. त्या बाजूने १८९८ हे एक साम्राज्य जाऊन दुसरे दारात उभे राहिल्याचे वर्ष आहे. १९०२ मध्ये प्रजासत्ताक आले तेही अमेरिकेला हस्तक्षेपाचा अधिकार देणाऱ्या अटीसह. प्वेर्तो रिकोहून पाहिले तर तो अध्याय अजून संपलेलाच नाही, कारण ते बेट आजही अमेरिकेच्या ताब्यात आहे. आणि मनिलाहून पाहिले तर आशियातला एक कादंबरीकार, होसे रिसाल, स्पॅनिशमध्ये लिहून स्पॅनिश वसाहतवादावरच टीका करतो आणि १८९६ च्या डिसेंबरात त्याला गोळ्या घालून मारले जाते. हे चारही आवाज एकाच भाषेतले आहेत. चारही मुळातून वाचून त्यांची तुलना करणारा निबंध लिहिता येणे, हे या पदवीचे फळ आहे, आणि ते ॲपवर मिळत नाही. घरच्यांना पटवून द्यायचे असेल तर हे उदाहरण सांगून पाहावे.

असेच दुसरे क्षेत्र म्हणजे भाषांचे सहजीवन. ‘स्पेनची भाषा स्पॅनिश’ हे वाक्य अपुरे आहे. १९७८ च्या संविधानाच्या तिसऱ्या कलमाने कास्तेयानो, म्हणजे ज्या भाषेला आपण स्पॅनिश म्हणतो ती, साऱ्या देशाची अधिकृत भाषा ठरवली आणि इतर भाषांना आपापल्या स्वायत्त प्रदेशांत तोच दर्जा मिळण्याची वाट मोकळी केली. त्यानुसार कातालान, गालिसियन आणि बास्क या भाषा त्या त्या प्रदेशांत अधिकृत आहेत. यांपैकी बास्क तर लॅटिनपासून निघालेलीच नाही. हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत, म्हणजे यादवी युद्धाच्या शेवटापासून १९७५ पर्यंत, या भाषांना सार्वजनिक जीवनातून दूर सारले गेले होते, म्हणून तेथे भाषेचा प्रश्न आजही जिव्हारी लागणारा आहे. अटलांटिकपलीकडे पराग्वायमध्ये ग्वारानी ही स्पॅनिशच्या बरोबरीने अधिकृत भाषा आहे, तर बोलिव्हियाच्या २००९ च्या संविधानाने स्पॅनिशसह मूलनिवासी समाजांच्या ३६ भाषांना मान्यता दिली आहे. स्पॅनिश त्या खंडात पोहोचली ती विजेत्यांची भाषा म्हणून, आणि आज तिच्यात त्या विजयाचा जाब विचारणारे लेखनही होते. हा ताण समजून न घेता केवळ सुंदर भाषा म्हणून तिच्यावर प्रेम करणे मला अपुरे वाटते. ज्या विभागात आफ्रिकेतील इक्वेटोरियल गिनीचा, तेथे १९६८ पर्यंत असलेल्या स्पॅनिश सत्तेचा उल्लेखही होत नाही, तेथे विद्यार्थ्याने स्वतः प्रश्न विचारावा.

येथवरचे थोडक्यात : भाषेचे तास अपुरे पडणार हे गृहीत धरावे, मराठीचा आधार घ्यावा, एक बोली निवडून कान सर्वांसाठी ठेवावेत, आणि संस्कृती म्हणजे वाचन हे लक्षात घ्यावे. आता ज्या ठिकाणी सर्वाधिक विद्यार्थी गळतात, त्या ठिकाणाबद्दल सांगते.

दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला एक खिंड लागते. पाठ्यपुस्तकातले संवाद संपतात आणि हातात खऱ्या लेखकांनी खऱ्या वाचकांसाठी लिहिलेला मजकूर येतो. पहिल्या पानावर चाळीस शब्द अडतात, विद्यार्थी प्रत्येक शब्द शोधतो, प्रत्येकाचा अर्थ पानाच्या कडेला लिहितो, दोन तासांत दीड पान होते, आणि शेवटी गोष्ट काय होती तेच आठवत नाही. यावर मी सांगते ती पद्धत अशी. मजकूर लहान घ्यावा, दोन-तीन पानांचा. पहिल्यांदा कोश बंद ठेवून शेवटपर्यंत वाचावा आणि कोण, कुठे, काय एवढेच टिपावे. दुसऱ्या वाचनात प्रत्येक परिच्छेदातले दोन-तीनच शब्द शोधावेत, ज्यांच्यावाचून अर्थच लागत नाही असे. तिसऱ्यांदा मोठ्याने वाचावे आणि मग पुस्तक मिटून आपल्या मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये पाच-सहा ओळींत सारांश लिहावा. हा सारांश फार महत्त्वाचा आहे. तो लिहिताना जे शब्द तुम्हाला हवे होते आणि सुचले नाहीत, ते पुन्हा मजकुरात सापडले की कायमचे लक्षात राहतात.

कोशाबद्दलही एक सूचना आहे. दुसऱ्या वर्षापासून स्पॅनिश-स्पॅनिश कोश वापरायला लागावे. अकादमीचा कोश आणि शंकानिरसनाचा कोश हे दोन्ही इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतात. आलिकांते विद्यापीठाच्या पुढाकाराने उभे राहिलेले मिगेल दे सर्व्हांतेस आभासी ग्रंथालय हे अभिजात ग्रंथांसाठी मोठे भांडार आहे, तेही खुले आहे. सर्व्हांतेसची ‘दोन किहोते’ ही कादंबरी पहिल्याच वर्षी मुळातून वाचण्याचा हट्ट मात्र धरू नये. त्याचे दोन भाग १६०५ आणि १६१५ सालचे आहेत, आणि ती भाषा आजच्या स्पॅनिशभाषकालाही टीपांशिवाय जड जाते. विसाव्या शतकातील कथांपासून सुरुवात करून मागे मागे जाणे अधिक फलदायी ठरते. मेक्सिकोच्या हुआन रुल्फोच्या कथा मी दुसऱ्या वर्षाच्या शेवटी लावते, कारण वाक्ये छोटी असतात, शब्द साधे असतात, आणि तरीही क्रांतीनंतरच्या ग्रामीण मेक्सिकोचा इतिहास ठाऊक नसेल तर त्या कथा अर्ध्याच कळतात. भाषा आणि इतिहास एकमेकांवाचून का चालत नाहीत हे विद्यार्थ्याला तेथे स्वतःच उमगते, मला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

लेखनाकडे बहुतेक विद्यार्थी उशिरा वळतात. स्पॅनिश विद्याक्षेत्रात ‘कोमेंतारियो दे तेक्स्तो’ नावाचा एक ठरलेला लेखनप्रकार आहे. दिलेल्या उताऱ्याचा विषय, रचना, भाषिक वैशिष्ट्ये आणि त्याची काळाशी सांगड, असे क्रमाने मांडत त्याचे विश्लेषण करायचे असते. हा प्रकार कोणी न शिकवता जमत नाही. शिक्षकांकडून एक चांगला नमुना मागून घ्यावा आणि पहिल्या वर्षाच्या अखेरीपासून महिन्याला एक तरी लिहून तपासून घ्यावा. लाल शाईने भरलेले पान परत आले तर ते नीट लिहून काढून पुन्हा दाखवावे. तपासणीनंतरचे दुसरे लेखन जे टाळतात, त्यांच्या त्याच त्या चुका शेवटच्या वर्षापर्यंत चालू राहतात.

एखादी सहामाही स्पॅनिशभाषक देशात काढण्याची संधी मिळाली तर ती जरूर घ्यावी, पण बी१ पातळी गाठल्यावर. त्याआधी गेलेला विद्यार्थी आपल्याच देशाच्या आणि इंग्रजी बोलणाऱ्यांच्या घोळक्यात राहतो, कारण त्याला दुसरा मार्ग नसतो. शहर निवडताना अध्यापनाची भाषा पाहावी. बार्सिलोना सुंदर आहे, परंतु तेथील विद्यापीठांत अनेक विषय कातालानमधून शिकवले जातात; ज्याला फक्त स्पॅनिश पक्की करायची आहे, त्याने सालामांका, माद्रिद, ग्रानादा किंवा लॅटिन अमेरिकेतील एखादे विद्यापीठ पाहावे. ज्याला भाषांचे सहजीवनच अभ्यासायचे आहे, त्याच्यासाठी मात्र बार्सिलोना किंवा बिल्बाओ हीच योग्य जागा आहे. जाणे शक्य नसेल तर पदवी कमी प्रतीची ठरते असे नाही. भाषेच्या बदल्यात भाषा शिकवणारे जोडीदार ऑनलाइन मिळतात, निरनिराळ्या देशांची नभोवाणी थेट ऐकता येते. आठवड्यातून दोन निश्चित वेळा ठरवून, विषय आधी ठरवून बोलावे. नुसत्या ‘कसे आहात’ अशा गप्पा तिसऱ्या भेटीत संपतात.

प्रमाणपत्रांविषयी फार बोलण्यासारखे नाही. स्पॅनिशच्या प्रसारासाठी स्पेन सरकारने काढलेल्या इन्स्तितुतो सर्व्हांतेस या संस्थेतर्फे दिले जाणारे डेले हे प्रमाणपत्र ए१ ते सी२ अशा सहा पातळ्यांवर असते आणि त्याची मुदत संपत नाही. सिएले ही संगणकावर होणारी परीक्षा इन्स्तितुतो सर्व्हांतेस, मेक्सिकोचे राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठ, सालामांका विद्यापीठ आणि बुएनोस आइरेस विद्यापीठ यांची आहे. तिचा निकाल पाच वर्षे ग्राह्य असतो. पदवीपत्रावरून तुमची बोलण्याची पातळी कोणालाच कळत नाही, म्हणून शेवटच्या वर्षी बी२ चे डेले देऊन ठेवावे. सी१ झाले तर उत्तमच. परंतु परीक्षेची तयारी म्हणजे अभ्यास नव्हे, ती परीक्षेच्या आधीच्या काही आठवड्यांपुरती ठेवावी.

पुढे काय, हे तुम्ही थेट विचारलेले नाही, पण घरच्यांच्या आक्षेपामागे तीच काळजी असावी. अध्यापन, अनुवाद, दुभाषाचे काम, प्रकाशन, आंतरराष्ट्रीय संस्था, पर्यटन, आणि स्पॅनिशभाषक बाजारपेठांशी व्यवहार करणाऱ्या कंपन्या ही नेहमीची क्षेत्रे आहेत. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सहा अधिकृत भाषांत स्पॅनिश आहे, मात्र तेथे दुभाषा होण्यासाठी पदवीनंतर वेगळे प्रशिक्षण लागते आणि एकापेक्षा अधिक परकीय भाषांवर प्रभुत्व असावे लागते. अनुवादाच्या क्षेत्रात यंत्रांमुळे मोठा बदल झाला आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. साध्या मजकुराचा पहिला खर्डा आता यंत्र करते. माझ्याकडे जे काम येते त्यात तपासणी, दुरुस्ती आणि जबाबदारी यांचा वाटा वाढला आहे : करारातील एखादे कलम कोणत्या देशाच्या कायद्याच्या भाषेत आहे, रुग्णाच्या माहितीपत्रकातील शब्द मेक्सिकोत चालेल की नाही, कादंबरीतील पात्र ‘बोस’ म्हणते त्यावरून त्याचे गाव कसे सूचित होते, हे ओळखणारा माणूस लागतो. वर सांगितलेला संस्कृतीचा अभ्यास असा येथे कामाला येतो. तरीही केवळ भाषेवर विसंबू नये असा माझा स्पष्ट सल्ला आहे. विद्यापीठ परवानगी देत असेल तर कायदा, अर्थशास्त्र, इतिहास, संगणकशास्त्र यांपैकी एखादा दुसरा विषय जोडून घ्यावा, किंवा दुसरी परकीय भाषा घ्यावी. पोर्तुगीज ही त्या दृष्टीने फार सोयीची आहे, कारण स्पॅनिश येणाऱ्याला तिचे वाचन लवकर जमते आणि ब्राझीलमुळे लॅटिन अमेरिकेचे चित्र पूर्ण होते.

प्रवेशापूर्वीच्या महिन्यांसाठी फार मोठी योजना आखू नये. ॲप वापरायला हरकत नाही, पण त्याच्या जोडीला एक खरे पाठ्यपुस्तक असू द्यावे, आणि वर्तमानकाळातील क्रियापदांची रूपे व लिंगवचनाचे नियम तोंडपाठ करून ठेवावेत. एकेरी आणि ठसठशीत ‘र’ यांतला फरक सुरुवातीलाच जिभेला लावावा, कारण तेवढ्या फरकाने ‘पेरो’चा अर्थ ‘पण’ ऐवजी ‘कुत्रा’ होतो. रोज दहा-पंधरा मिनिटे स्पॅनिश नभोवाणी कानावर पडू द्यावी, काहीच कळले नाही तरी चालेल; शब्द कोठे संपतो आणि दुसरा कोठे सुरू होतो हे कानाला समजायला वेळ लागतो. आणि ज्या भाषेत सहज वाचता येते त्या भाषेत दोन इतिहास वाचून ठेवावेत : १९३६ ते १९३९ च्या यादवी युद्धापासून १९७८ च्या संविधानापर्यंतचा स्पेनचा, आणि १९१० साली सुरू झालेल्या क्रांतीपासून पुढचा मेक्सिकोचा. हे वाचताना तुमची उत्सुकता वाढत गेली, पुढचे प्रकरण स्पॅनिशमधून वाचता आले असते तर बरे झाले असते असे वाटू लागले, तर अर्ज भरावा. आणि तसे काहीच वाटले नाही, फक्त बोलण्याची ओढ राहिली, तर चांगला भाषावर्ग लावून पदवी दुसऱ्या आवडीच्या विषयात घ्यावी. स्पॅनिश त्या विषयाच्या सोबतीनेही उत्तम शिकता येते.